घुरघुर : नाही

४ डिसेंबर

आज एक बाई काटा घेऊन आल्या. दार उघडलं तर कपाळावर आठ्या. "पाच मिनिटं उभी आहे मी," म्हणाल्या. बेल अधूनमधून दगा देते, असं सांगून आत घेतलं.

काटा तान्ह्या मुलांचं वजन करायचा. निवृत्त झाल्यापासून असे काटे घरीच दुरुस्त करतो. काय बिघडलंय विचारलं, तर बाईंनी पिशवीतून वही काढून पुढे सरकवली. त्या कुत्र्यांची पैदास करतात. डाल्मेशियन, ठिपक्यांचे. वहीत आठ रकाने, नऊ दिवसांच्या आठ पिल्लांचे. प्रत्येकाचं वजन सकाळ-संध्याकाळ, जन्मल्या तासापासून.

"सोमवार सकाळ बघा."

आठही पिल्लं त्या एका रात्रीत नेहमीपेक्षा बारा-बारा ग्रॅम जास्त वाढली होती.

"पिल्लं अशी वाढत नाहीत," बाई म्हणाल्या. "एक वाढतं, एक रुसतं. सगळी सारखी वाढली म्हणजे काटा वाढलाय."

बत्तीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. किती दुकानांतले काटे तपासले याची गणती नाही. काट्याचा खोटेपणा नुसत्या वहीवरून पकडणारं माणूस आज पहिल्यांदा पाहिलं. वही हातातून सोडवत नव्हती.

तपासलं. चारशे ग्रॅमवर बारा जास्त.

जाताना बाई तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलल्या. बहुधा आभार.

८ डिसेंबर

काटा पोचवायला गेलो. पिल्लं दाखवाल का, असं विचारायला लाज वाटत होती, पण विचारलं. बाईंनी हात धुवायला लावले. दोनदा.

आठही पांढरी. ठिपके कुठे गेले, विचारलं.

"जातील कुठे? अजून यायचेत." एकाला उताणं करून पोट दाखवलं. गुलाबी कातडीत, पाण्याखाली खडे दिसावेत तसे काळे डाग होते. केस अजून त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते.

"आत्ता बहिरी आहेत ही," त्या म्हणाल्या. "सगळीच. कुत्र्याचं पिल्लू मिटल्या कानांनी येतं. दोन आठवड्यांनी कान उघडतात."

डोळे मिटलेले, कान मिटलेले. आई उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पडली. आठही तोंडं एकामागून एक तिकडे वळली. मी खोलीत पाऊण तास उभा होतो, हे बाहेर आल्यावर घड्याळात कळलं.

२५ जानेवारी

काट्याच्या फेरतपासणीला बाईंकडे. खरं तर गरज नव्हती. काटा बरोबर होता.

सात पिल्लं घरोघरी गेली. एक उरलंय. बाईंनी कागद दाखवले. सहाव्या आठवड्यात प्रत्येक पिल्लाच्या डोक्याला तारा लावून कान तपासतात. कानात टिकटिक सोडायची आणि मेंदूपर्यंत काय गेलं ते कागदावर बघायचं. डोंगररांगेसारखी रेघ उमटते.

"म्हणजे हा आवाज?" मी विचारलं.

"आवाज नाही. आवाज पोचल्याची पोच."

उरलेल्या पिल्लाच्या कागदावर उजव्या कानाचे डोंगर होते. डाव्या कानाची रेघ सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. इतकी शांत रेघ मी पाहिलेली नाही.

पांढऱ्या जातीत हे बहिरेपण रक्तातून येतं. आईबापांचे चारही कान तपासूनच जोडी लावली होती, तरी निघालं. त्यामुळे हे त्या कुत्रीचं शेवटचं वेत. तिच्या मुलींनाही पिल्लं होऊ द्यायची नाहीत, तसं सात घरांकडून लिहून घेतलंय. पाच पिढ्या बाईंनी जपल्या होत्या. सांगताना त्या पिल्लाच्या नखांना कानस लावत होत्या, हात थांबला नाही.

"एका कानासाठी पाच पिढ्या?" मी म्हणालो.

"आज एक कान म्हणून सोडून द्यायचं. पुढच्या वेतात अख्खं बहिरं निघेल, आणि ते कुणाच्या तरी दारातून रस्त्यावर धावेल. मग एक कान म्हणायला मी तिथे असेन?"

पिल्लासाठी दोघं येऊन गेले. एकाला राखणीला हवं होतं. दुसऱ्याला त्याच्यापासून पिल्लं काढायची होती. एका कानाने काय बिघडतं, म्हणाला. दोघांनाही बाईंनी दार दाखवलं.

पिल्लू येऊन माझ्या बुटावर बसलं. बूट दाबला गेला. साडेसहा किलो असेल. नंतर काट्यावर सहा सहाशे निघालं.

"मला द्या," मी म्हणालो. तोंडाने आधी म्हटलं, मी नंतर ऐकलं.

"तुमच्याकडे मांजर आहे. काटा घेऊन आले तेव्हा पाहिलं."

"आहे."

"मग तिला विचारायला हवं."

मग एका कानाच्या कुत्र्याबद्दल त्या बराच वेळ सांगत होत्या. बाहेर मोठी कुत्री भुंकत होती, नीट कळलं नाही. मी मान डोलावत राहिलो.

२९ जानेवारी

बाईंनी घर तपासलं. निरीक्षकाच्या घरी निरीक्षण. कपाटांच्या माथ्यावर हात फिरवला, मांजर तिथे चढतं का ते बघायला. वाळूचा ट्रे कुठे, पळायला दुसरी वाट कोणती, पिल्लाला एकटं किती तास ठेवाल, तुम्ही आजारी पडलात तर कोण. प्रश्न मोजले नाहीत याचं वाईट वाटतंय.

मावशी फ्रिजवरून सगळं बघत होती. मावशी म्हणजे माझी मांजर. वय नऊ. नाव मुलीने ठेवलं आणि मुलगी नोकरीला दुसऱ्या गावी गेली, मावशी राहिली.

अट अशी. तीस दिवस. रोज एक तक्ता भरायचा, मांजराचा: खाल्लं का, ट्रे वापरला का, वजन, घुरघुर. "मांजर जेवतं भीतीनेही," बाई म्हणाल्या. "घुरघुर मात्र तिच्या मनात असेल तेव्हाच. तीस दिवसांत ती या घरात पुन्हा निवांत झाली नाही, तर पिल्लू मी परत नेणार. ती आधी आलीय. घर तिचं आहे."

"मान्य."

"आणि साहेब, तक्ता खरा भरायचा."

हे मला. बत्तीस वर्षांनंतर. पण राग आला नाही.

तक्ता बाईंसाठी. ही वही माझी.

१ फेब्रुवारी

पिल्लू आलं. नाव छटाक. मुलगी फोनवर हसली. सात किलोंचं छटाक कुठे असतं, असं काहीसं म्हणाली.

बाजूच्या खोलीत ठेवलंय, दार बंद. बाईंनी सांगितल्याप्रमाणे दोन फडकी. एक मावशीच्या अंगावरून फिरवून त्याच्याकडे, एक त्याच्या अंगावरून फिरवून तिच्याकडे. छटाक तिच्या फडक्यावर झोपून गेला. मावशीने त्याचं फडकं लांबून वाचलं. दुसरा शब्द सुचत नाही. मग पुढच्या पायाने वाळू ओढल्यासारखं करून त्यावर नसलेली वाळू लोटली.

खाल्लं: निम्मं. ट्रे: हो. वजन: ४.१००. घुरघुर: नाही.

४ फेब्रुवारी

चार दिवस मावशी बंद दारासमोर बसून. शेपटी पायाभोवती. आत काय आहे हे तिला पूर्ण माहीत आहे आणि तिने ते अजून पाहिलेलं नाही.

खाल्लं: सगळं. घुरघुर: नाही.

७ फेब्रुवारी

दाराच्या जागी जाळीचं फाटक. मी छटाकला पट्ट्याने धरून बसलो. मावशी आली. दोन हातांवर थांबली. तोंड उघडलं, सगळे दात दाखवले, कान मागे, आणि एक आवाज केला नाही. नुसतं उघडं तोंड. छटाक दोन पावलं मागे सरून खाली बसला.

इतकी वर्षं या प्राण्याबरोबर राहतोय. रागाच्या भरात मौन पाळणारं कुणी माझ्या माहितीत नाही, मी धरून.

१० फेब्रुवारी

मुलीचा फोन. हल्ली ती इतकी हळू बोलते की बाजूला कुणी झोपलंय की काय वाटतं. मोठ्याने बोल म्हटलं. मग ओरडलीच. मधला मार्ग तिला जमत नाही.

"बाबा, तुम्ही नुसतं हो हो म्हणताय. मी काय विचारलं सांगा बरं?"

"मावशीचं कसं चाललंय."

"मी विचारलं, डॉक्टरांकडे कधी जाताय."

"मांजराचं वजन उत्तम आहे. डॉक्टर कशाला?"



१३ फेब्रुवारी

वायरमनला बोलावलं. बेलचा निकाल लावायचा म्हणून. त्याने बटण दाबलं, माझ्याकडे बघितलं. पुन्हा दाबलं.

"वाजतेय की, काका."

तो दाबायचा तेव्हा मी आत नेमका नळ सोडलेला असायचा किंवा दुसरीकडे बघत असायचो. शेवटी बेलखालीच जाऊन उभा राहिलो, तेव्हा ऐकली. बारीक आवाज होता. जुन्या वस्तूंचा दम जातोच. त्याने खोकं उघडून पुसलं आणि तसंच बंद केलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. सलगी जरा जास्त वाटली.

किटलीची शिट्टीही गेलीय. पाणी आटेपर्यंत कळत नाही.

१६ फेब्रुवारी

छटाक आता पट्ट्याशिवाय हॉलमध्ये. मावशीला चढायला कपाटं, शेल्फ, फ्रिज. जमीन त्याची, वरचा मजला तिचा.

एक पाहिलं. तो सतत मान वर करून तिच्या डोक्याकडे बघत असतो. ती पाठ फिरवून बसली की जागच्या जागी गोल फिरतो, गोंधळल्यासारखा. ती पुन्हा तोंड करून बसली की शांत. मी याला भक्ती म्हणतो.

घुरघुर: नाही.

१९ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

अकरा वाजता काट्याचं काम करत होतो. छटाक उठला, माझ्याकडे आला, नडगीला नाक लावलं. ओलं, गार. बाहेर जायचं असेल म्हणून दार उघडलं. दारात कुरिअरवाला उभा. हात बेलकडे गेलेला.

साडेचारला पुन्हा नाक. पुन्हा दार. शेजारच्या शिंपीणबाई, हातात माझी शिवून झालेली पँट. "आज लगेच उघडलंत!" म्हणाल्या.

माणूस दाराशी पोचायच्या आत त्याला कळतं.

२३ फेब्रुवारी

मोजणी ठेवली. पाच दिवसांत नऊ वेळा नडगीला नाक. आठ वेळा दारात माणूस. नवव्या वेळी दारात कुणी नव्हतं. परतताना स्वयंपाकघरात पाहिलं तर किटली उकळून सांडत होती. म्हणजे तेही त्याला कळलं.

चूक शून्य. असा काटा मी खात्यात पाहिला नाही. भिंती त्याला आरपार असाव्यात. बेल न वाजवणाऱ्या माणसांचाही त्याला सुगावा लागतो.

मुलीला सांगितलं.  ती काहीतरी पुटपुटली. मग मोठ्याने, तुटक: "बाबा. मी. येऊ. का?"

"कशाला? सगळं झकास चाललंय."

२५ फेब्रुवारी

बाईंना फोन केला. असल्या कुत्र्याची पिल्लं होऊ द्यायची नाहीत हा अन्याय आहे, म्हणालो. ही बुद्धी पुढे जायला नको?

त्यांनी आधी सावकाश, मग मोठ्याने सांगितलं, "कुत्रा चांगला आहे. कान वाईट आहे. पिल्लांना कान नक्की जाईल. चांगुलपणा जाईल याची हमी कोण देतंय, तुम्ही?"

 नसबंदीचं वय झालं की करायची, ठरलं.

मग त्यांनी विचारलं, "आणि ती? घुरघुरली?"

"नाही."

"पंचवीस दिवस झाले, साहेब."

२६ फेब्रुवारी

मावशी खाली उतरली. स्वतःहून. छटाक आडवा पडला होता. ती चालत त्याच्या नाकापर्यंत गेली. तो हलला नाही. फक्त शेपटीचं टोक जमिनीवर आपटत होतं, फरशीतून माझ्या तळव्यांना कळत होतं. तिने त्याच्या नाकाला नाक लावलं. मग कानफटात दिली, नखं आत ठेवून. त्याने डोळे मिटून घेतले. ती त्याच्या पोटाला पाठ लावून बसली आणि पाय चाटू लागली, जणू तिथे कायमचं एक पोट होतं.

मी श्वास धरून ठेवला होता.

तरीही नाही. जवळ जाऊन वाकून बसलो. शांतता.

२८ फेब्रुवारी

दोघं एकाच सतरंजीवर झोपतात. ती जेवते, खेळते, त्याची शेपटी मारते. वजन ४.२५०. सगळे आकडे बरे. एक रकाना सोडून.

ती शेवटची केव्हा घुरघुरली, ते आठवायला बसलो. छटाक येण्याआधीच्या आठवड्यात? त्याआधी? आठवत नाही. घुरघुर होती तेव्हा तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

मुलगी म्हणाली, "लिहून टाका ना, घुरघुरते म्हणून. कोण येणार आहे कान लावायला?"

हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

तसं लिहिता येणार नाही. एका दुकानदाराने एकदा माझ्यासमोर काट्याच्या पारड्याखाली माप मारायला चिकटवलेली चिंच काढून फेकली होती आणि म्हणाला होता, साहेब, इतक्या वर्षांत चिंचेचीच सवय झालीय. मी तसा जगणार नाही. मांजर सुखी नाही. ती ते दाखवत नाही इतकंच. तिचं घर आहे.

छटाकची वाटी, फडकं, चेंडू एका पिशवीत भरले. त्याने चेंडू बाहेर काढला. पुन्हा भरला. पुन्हा काढला. तिसऱ्यांदा मी राहू दिला.

२ मार्च

आज बाई टोपली घेऊन आल्या. वेताची, पुढे दार असलेली, पिल्लू न्यायची. कोपऱ्यात ठेवली. मी तक्ता दिला. तीस ओळी. त्या वाचत खुर्चीत बसल्या. मावशी आली आणि त्यांच्या मांडीवर चढली. परक्या माणसाच्या मांडीवर ती चढत नाही. त्या एका हाताने तिच्या गळ्याखाली खाजवत होत्या, दुसऱ्या हातात तक्ता.

मग त्यांनी तक्ता खाली ठेवला.

"हे 'नाही' म्हणजे काय?"

"नाही म्हणजे नाही. एकदाही नाही."

"आणि आत्ता काय करतेय ही?"

"बसलीय."

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझा हात धरून मावशीच्या बरगडीवर ठेवला.

आत काहीतरी चालू होतं. बारीक, एकसारखं. गिरणीच्या भिंतीला हात लावावा तसं. माझ्या बोटांच्या हाडांत चढलं. मी वाकलो, कान तिच्या अंगाला टेकवला तेव्हा कुठे, फार खालून, एक धागा.

"खोलीत शिरले तेव्हापासून चालू आहे," बाई म्हणाल्या. मोठ्याने, तोंड माझ्याकडे करून. आता आठवतं, त्या गेले कित्येक दिवस माझ्याशी तशाच बोलत होत्या.



"बसा इथेच," त्या म्हणाल्या. "दाराकडे बघू नका. त्याच्याकडे बघा."

बाहेर गेल्या, दार लावून घेतलं. मी छटाककडे बघत बसलो. घरात काहीही झालं नाही. छटाकने डोकं उचललं. एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. मग मान वर करून मावशीकडे. मावशीचे दोन्ही कान दाराच्या दिशेने वळले होते, काट्याची सुई वळावी तसे. त्याने ते कान बघितले. दाराकडे बघितलं. उठला, माझ्याकडे आला आणि नडगीला नाक लावलं.

दार उघडलं. बाईंचं बोट बेलवर होतं. दाबलेलं. मी त्यांच्या बोटाकडे बघत उभा राहिलो.

"एका कानाने आवाज कळतो, कुठून येतोय ते कळत नाही," त्या आत येऊन म्हणाल्या. "त्याला दोन कान लागतात. पिल्लू नेलंत त्याआधी मी हे सगळं सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावत होतात."

म्हणजे असं. बेल वाजायची. त्याला ऐकू यायची, पण बेल त्याच्यासाठी चारही भिंतींत असायची. मग तो दोन बऱ्या कानांच्या मांजराला विचारायचा. ती सांगायची, सांगतेय हे तिला माहीतही नसेल. आणि मग दाराशी जाऊन भुंकायचं सोडून तो माझ्याकडे यायचा. कारण मला कळलेलं नाही, हे त्याला कळलेलं होतं. तीन महिन्यांच्या जिवाला. कुणी शिकवलं नाही. माझ्या मुलीने, वायरमनने, शिंपीणबाईंनी जे ओळखलं होतं आणि बोलायला धजावत नव्हते, त्यावर त्याने उपाय काढला होता.

त्याला पुढचं दिसतं असं समजत होतो तेव्हा थक्क झालो होतो. याच्यापुढे ते काहीच नव्हतं.

तक्ता मागून घेतला. तीस 'नाही'. प्रत्येकावर एक रेघ, शेजारी सही. खाडाखोड करायची नसते. चूक वाचता आली पाहिजे. खाली लिहिलं: दोष मोजणाऱ्यात होता. बाईंनी तेही वाचलं.

"आठ पिल्लांचे सोळा कान तपासले मी," त्या म्हणाल्या. "घ्यायला येणाऱ्या माणसांचे तपासायचं सुचलं नाही. चूक माझीही आहे."

"म्हणजे राहतोय ना तो?"

टोपली अजून कोपऱ्यात होती.

"घरात तुमचं तिघांचं जमलंय. मला घराची काळजी नाही. रस्त्याची आहे. गाडी येतेय हे तुम्हाला कळत नाही. कुठून येतेय हे त्याला कळत नाही. आणि मांजर काही फिरायला येत नाही." टोपली उचलली. "कानांचं बघा. तीन आठवड्यांनी येते. तोवर अंगणातच. रस्ता नाही."

६ मार्च

मुलीबरोबर कानांच्या डॉक्टरांकडे. ती तीन वर्षं सांगत होती म्हणे. सांगत असेल.

काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी बरंच दाबलं असं मला वाटलं. कागद आला, रेघ उजवीकडे घरंगळत खाली. दोन्ही कान.

"घाबरलात?" मुलीने विचारलं, माझ्यासमोर येऊन.

"नाही. माझी अगदी सरळ नाहीये."

तिला कळलं नाही. कागद घडी घालून खिशात ठेवला.

१२ मार्च

कानांत यंत्रं बसवली. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर दचकलो. छटाकची नखं फरशीवर वाजतात, टकटक, प्रत्येक पाऊल वेगळं. सहा आठवडे हे माझ्या घरात चालू होतं. बेल छान दणदणीत आहे. वायरमनची माफी मागायला हवी.

मावशी मौन वगैरे पाळत नाही. छटाकने शेपटीवर पाय दिला तेव्हा जे ऐकलं त्या शिव्या होत्या.

संध्याकाळी ती मांडीवर आली. ऐकलं. त्याबद्दल काही लिहीत नाही.

१७ मार्च

बाईंना विचारून रस्ता सुरू केला. रिकामी गल्ली, छोटा पट्टा. अवघड आहे. यंत्रातून सगळं एकदम येतं; गाडी, पानं, माझी स्वतःची चप्पल. आवाज आला की छटाक थांबतो, गोल फिरतो, पाय पट्ट्यात अडकतात. मागून मोटरसायकल आली, मी घाबरून त्याला चुकीच्या बाजूला ओढलं. चालवणारा जे बोलला ते यंत्रामुळे पूर्ण ऐकू आलं.

रस्त्यात तो फिरताना वर बघतो. कपाटांचे माथे असतात तिथे. तिथे काही नसतं.

१९ मार्च

आवाज ज्या बाजूने येईल त्या बाजूला त्याच्या खांद्याला गुडघा लावायचा, असं करून बघतोय. दहात सहा वेळा जमलं. सहा पुरेसे नाहीत. खात्यात दहात नऊवरही शिक्का मारला नसता.

२३ मार्च

बाई आल्या. टोपली घेऊनच. चहा नको म्हणाल्या. "चला, मोठ्या रस्त्याने. मी मागून येते. मी नाही असं समजा."

असं समजणं शक्य नव्हतं. मागे त्यांची पावलं वाजत होती. मला ऐकू येत होती.

बाजार मागे टाकला. दोन सायकली, एक रिक्षा. गुडघा लावला, बरोबर बाजूला. मग चौकाच्या अलीकडे, जिथे गोदामाची भिंत आहे आणि वळणापलीकडचं दिसत नाही, तिथे रस्ता ओलांडायला थांबलो. रस्ता रिकामा होता. मी पाऊल टाकलं.

छटाक थांबला. पट्टा ताणला गेला. त्याने काहीतरी ऐकलं होतं; मला अजून काहीच नव्हतं. तो डावीकडे बघून झाला, उजवीकडे बघून झाला. गोल फिरला नाही. मान वर केली. आभाळाकडे नाही, भिंतीकडे नाही. माझ्याकडे. तोंडाकडेही नाही, त्याच्या जरा बाजूला. माझ्या कानांकडे बघत होता तो. वाट बघत होता.

माझे कान वळत नाहीत.

मी उभा राहिलो. ऐकलं. इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात काही ऐकलं नसेल. आधी सगळीकडे होतं. मग उजवीकडे जरा जास्त. मी अख्खं डोकं उजवीकडे वळवलं.

छटाकने उजवीकडे बघितलं, एक पाऊल मागे घेतलं आणि माझ्या पायाला टेकून बसला. भिंतीआडून ट्रक आला. पत्रे भरलेला, मोठा. आमच्यासमोरून गेला. वाऱ्याने त्याचा चांगला कान उलटा झाला. तो मी सरळ केला.

मग दोघं पलीकडे गेलो.

पलीकडे पोचून मागे वळून पाहिलं. बाई भिंतीपाशी नव्हत्या. बऱ्याच लांब, आलेल्या रस्त्याने परत चालल्या होत्या. हातातली टोपली हलकी असल्यासारखी पुढे-मागे हलत होती. मी हाक मारली. त्यांनी मागे न बघता हात वर केला आणि बाजारात शिरल्या.